पाखरांची खानेसुमारी

राज्यकर्त्यांनी आजवर जे जे मोजले ते बहुधा वसुलीसाठी मोजले. शेताची मोजणी झाली ती सारा ठरवण्यासाठी, झाडे, विहिरी आणि बैल गावच्या दफ्तरात चढले ते त्यांवर काही पट्टी बसवता यावी म्हणून, आणि माणसांची शिरगणती झाली तीही प्रथम लष्कर आणि महसूल या दोन गरजांपोटी. पुढे लोककल्याणाची भाषा आली आणि गणतीचे हेतू पालटले. १८८१ पासून या देशात सर्वत्र एककाली खानेसुमारी होऊ लागली, १९१९ पासून ठरावीक मुदतीने गुराढोरांचीही गणना होऊ लागली. तरीही ज्याच्याकडून सरकारास काही येणे नाही आणि ज्याला सरकारकडून काही देणे नाही अशा जिवाची मोजदाद करण्याची निकड कोणत्याही दफ्तरदाराला भासली नाही. गोदावरीच्या पात्रात हिवाळ्यात उतरणारा चक्रवाक आमच्या कवींनी शतकानुशतके पाहिला, त्याच्या विरहाचे वर्णन करताना त्यांची लेखणी थकली नाही. परंतु पैठणच्या पाण्यावर सातवाहनांच्या काळी किती चक्रवाक उतरत आणि पेशवाईत किती उतरत, हे आज कोणी विचारले तर उत्तर देणारा एकही कागद आपल्यापाशी नाही. सौंदर्याची नोंद झाली, संख्येची झाली नाही. आणि संख्येची नोंद नसल्यामुळे त्या सौंदर्यापैकी किती उरले आहे हे सांगणे आज अशक्य होऊन बसले आहे.

ही उणीव भरून काढण्याचे काम ज्या माणसांनी आपण होऊन अंगावर घेतले, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय हिवाळी गणना १९६७ साली सुरू झाली आणि तिची आशियाई शाखा १९८७ साली भारतीय उपखंडात रुजली. तेव्हापासून दर वर्षी जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आगेमागे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्थांच्या आखणीनुसार देशभरातील तळी, धरणे, खाड्या आणि खाजणे यांच्या काठी गणक उभे राहतात. जानेवारीचीच निवड करण्याला कारण आहे. सैबेरिया, मंगोलिया, तिबेट, लडाख अशा दूरच्या प्रदेशांतून आलेले पक्षी तोवर आपापल्या पाण्यावर स्थिरावलेले असतात आणि परतीची हालचाल अद्याप सुरू झालेली नसते. त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा संभव त्या पंधरवड्यात सर्वांत कमी असतो. या कामाला येणाऱ्यांत शाळामास्तर असतात, बँकेतील कारकून असतात, दवाखाना एक दिवस बंद ठेवून आलेले डॉक्टर असतात, महाविद्यालयातील मुलेमुली असतात. त्यांना वेतन नाही, भत्ता नाही, आणि बहुतेकांना पदरमोड करूनच नांदूर मध्यमेश्वर, नाथसागर, उजनी किंवा ठाण्याची खाडी गाठावी लागते.

या गणनेकडे हौशी मंडळींची सहल म्हणून पाहण्याची जी रूढी पडली आहे ती मला सर्वस्वी चुकीची वाटते. हिवाळी पक्षिगणना हे एक सार्वजनिक दफ्तर आहे; ते नागरिकांनी उघडले, नागरिकच ते बिनपगारी चालवतात, आणि त्याची किंमत गणकाच्या पांडित्याने किंवा आकड्याच्या मोठेपणाने ठरत नाही; ती नोंदीच्या सातत्याने आणि नोंद करणाऱ्याच्या सचोटीने ठरते. हे जर खरे असेल, तर या दफ्तराला सरकारदरबारी पुराव्याचा मान मिळाला पाहिजे आणि तो मिळावा अशा कसोशीने ते लिहिले गेले पाहिजे. या दोन्ही गोष्टी आज अर्धवटच होत आहेत.

पहिला आक्षेप अर्थातच अचूकतेचा. पाण्यावर पसरलेली, बुड्या मारणारी, उडून पुन्हा बसणारी हजारो पाखरे कोण कशी मोजणार, असा प्रश्न मोजणी एकदाही न पाहिलेला माणूस हटकून विचारतो, आणि त्या प्रश्नात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. म्हणून ती कशी होते हे एकदा जवळून पाहिले पाहिजे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत जो बंधारा घातला गेला, त्याच्या मागे वर्षानुवर्षे गाळ साठून उथळ पाणी, पाणवनस्पती आणि चिखलाची बेटे तयार झाली. तेच नांदूर मध्यमेश्वर. चापडगावच्या बाजूने सकाळी उभे राहिले की समोर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके दाट पसरलेले दिसतात, त्यांच्या पलीकडे तलवार बदके, थापटे आणि चक्रांग एकमेकांत मिसळलेले, काठच्या चिखलात शेकाटे, चिखले, तुतवार, आणि गवताच्या आडून मधूनच बाहेर येणारी जांभळी पाणकोंबडी. अनुभवी गणक प्रथम सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरतो, कारण उन्हाच्या तिरिपीत प्रत्येक बदक काळेच दिसते. मग पाण्याचे तो मनाने पट्टे पाडतो, एखादे बाभळीचे खोड, एखादा खडक, एखादी नाव अशा स्थिर खुणांनी त्यांच्या हद्दी ठरवतो, आणि डावीकडून उजवीकडे जात दहा पक्षी नीट मोजून त्या दहांनी व्यापलेली जागा डोळ्यांत ठसवून घेतो. त्याच मापाने पन्नास, त्याच मापाने शंभर. तो आकडा तोंडाने सांगतो, शेजारचा तो वहीत पाच-पाच रेघांच्या जुड्या करून उतरवतो, कारण दुर्बिणीवरून डोळा काढून कागदाकडे पाहिले की पट्टा हातचा गेला. संमिश्र थव्यात जातींचे प्रमाण वेगळे काढावे लागते, आणि इथे खरी परीक्षा होते: नर ओळखायला सोपे, पण तपकिरी रंगाच्या माद्या एकीसारखी दुसरी. एवढ्यात पाणथळीवर घिरट्या घालणारा भोवत्या खाली झेपावतो, सगळा थवा एकदम उठतो, हवेत दोन वळणे घेतो आणि पुन्हा भलत्याच ठिकाणी उतरतो. मग झालेली नोंद रद्द करून त्या पट्ट्यापासून पुन्हा आरंभ करणे हाच एक मार्ग असतो.

एवढे सगळे करूनही आकडा नेमका येत नाही. मोठ्या थव्यांचा अंदाज माणसाचा डोळा बहुधा कमीच करतो, हे या शास्त्रातील जाणत्यांनी पूर्वीच मान्य केले आहे. पण तराजूला पासंग असला आणि तो दर वेळी तेवढाच असला, तर मालाचे खरे वजन कळले नाही तरी तो कालच्यापेक्षा वाढला की घटला हे त्या तराजूवर बिनचूक कळते. गणनेचे प्रामाण्य नेमके याच तत्त्वावर उभे आहे. त्याच पाण्यावर, त्याच पंधरवड्यात, त्याच जागांवरून, त्याच पद्धतीने वर्षामागून वर्ष केलेली थोडी सदोष मोजणी, एखाद्या वर्षी उत्तमोत्तम उपकरणे आणून केलेल्या आणि पुन्हा कधीच न केलेल्या निर्दोष मोजणीपेक्षा शतपटीने उपयोगी आहे. इथे विद्वत्तेपेक्षा चिकाटीचा अधिकार मोठा ठरतो, आणि ज्या कामात चिकाटीचा अधिकार मोठा असतो ते काम सामान्य नागरिकाच्या आटोक्यातले असते. संशोधक तीन वर्षांच्या अनुदानावर येतो आणि अनुदान संपले की जातो. तालुक्याच्या गावातील मास्तर मात्र तीस वर्षे त्याच तळ्याच्या काठी राहतो.

गणनेच्या तक्त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. जातींच्या लांब यादीत बदकांच्या पोटी शेवटी ‘न ओळखलेली बदके’ आणि चिखलपक्ष्यांच्या पोटी ‘न ओळखलेले चिखलपक्षी’ असा रकाना असतो. आपले अज्ञान आकड्यात मांडण्याची ही सोय आहे. नवशिक्या गणकाला तो रकाना भरताना संकोच वाटतो आणि दूरवरच्या तपकिरी थव्याला काहीतरी नाव देऊन टाकण्याचा मोह होतो. परंतु खोट्या नावाने चढवलेली दोनशे बदके पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतात, तर निनावी दोनशे बदके त्याला निदान एवढे खरे सांगतात की त्या दिवशी त्या पाण्यावर दोनशे बदके होती. शून्याचेही तसेच. ज्या तळ्यावर एकही पक्षी दिसला नाही त्याचा तक्ता पाठवण्यात अर्थ काय, असे समजून कित्येक मंडळी तो पाठवतच नाहीत. आणि मग दहा वर्षांनी त्या तळ्याचे कोरे पान पाहणाऱ्याला ते ओस पडले होते की तिथे कोणी गेलेच नव्हते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. गेलो होतो, पाहिले, काही नव्हते, ही तीन वाक्ये दफ्तरात असणे शंभर रोहित पक्ष्यांच्या नोंदीइतकेच मोलाचे आहे.

शून्याबरोबरच पाण्याची पातळीही लिहिली पाहिजे, हे उजनीवरून चांगले समजते. भीमेवरील या धरणाचा फुगवटा भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या उशाशी पसरतो, आणि हिवाळ्यात तो ओसरू लागला की उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. पाऊसकाळ भरपूर होऊन जानेवारीतही धरण तुडुंब राहिले तर चिखल उघडा पडत नाही, रोहित उशिरा येतात किंवा अन्यत्र जातात, आणि त्या वर्षीच्या गणनेत आकडा कोसळतो. लगोलग ‘रोहितांनी पाठ फिरवली’ असे मथळे छापले जातात. पक्षी कमी झाले नसतात, पाणी जास्त झालेले असते. पण ते एका वर्षाच्या आकड्याला सांगता येत नाही, पातळीच्या नोंदीसह मांडलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या आकड्यांनाच ते सांगता येते. एका सालाच्या आकड्यावरून शोक करणे जितके अप्रस्तुत तितकेच हर्ष करणेही.

या सर्व खटाटोपाने पक्षी वाचतात का, हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. मोजल्याने काहीही वाचत नाही, हे मान्यच करायला हवे. परंतु न मोजल्याने काय झाले असते, हे दाखवणारे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. ऐंशीच्या दशकात गिधाड हा पक्षी इतका सामान्य होता की गावकुसाबाहेर टाकलेल्या प्रत्येक मेल्या गुराभोवती त्यांची झुंबड असे, आणि त्यांची मोजणी करावी ही कल्पनाही सहसा कोणाला सुचली नसती. सुदैवाने विभू प्रकाश यांच्यासारख्या संशोधकांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्यांच्या संख्येची नोंद ठेवली होती, आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी उत्तर भारतातील रस्त्यांवरून प्रवास करीत शिकारी पक्ष्यांची जी पाहणी झाली तिच्यात गिधाडेही मोजली गेली होती. म्हणूनच, पुढे माना टाकून झाडांवर बसलेली आणि मरून पडलेली गिधाडे दिसू लागली तेव्हा त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजणी करून निदान हे सिद्ध करता आले की हा केवळ भास नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती मरत होती, हे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आधीचा आकडा नसता तर नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहिला असता? गिधाडे पूर्वी पुष्कळ होती, असे वृद्धांचे बोलणे तेवढे उरले असते, आणि वृद्धांच्या बोलण्यावर औषधाच्या कारखान्याला हुकूम निघत नाही.

इथेच कायद्याचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत निकडीचा आहे. १९७१ च्या रामसर करारानुसार एखादी पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्याच्या ज्या कसोट्या आहेत त्यांतल्या पाणपक्ष्यांविषयीच्या दोन्ही निव्वळ संख्येच्या आहेत: त्या जागी नियमितपणे वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण समूहापैकी निदान एक टक्का पक्षी तिथे नियमितपणे असावेत. ‘नियमितपणे’ हा शब्द वर्षानुवर्षांच्या नोंदीशिवाय सिद्ध होत नाही, आणि एका टक्क्याचा हिशेब करायला जो एकूण आकडा लागतो तोही मुख्यतः जगभरच्या हिवाळी गणनांतूनच बेतलेला असतो. म्हणजे अंश आणि छेद दोन्ही स्वयंसेवकांच्या वहीतून आलेले. नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, ठाण्याची खाडी २०२२ साली त्या यादीत गेली. अशा निर्णयांना बळ देणाऱ्या कागदांत या वह्यांचे स्थान फार मोठे असते.

परंतु रामसरच्या यादीत जाण्याचे भाग्य किती तळ्यांना लाभणार? देशाच्या पाणथळ जागांविषयीचे जे नियम २०१७ साली लागू झाले, त्यांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत, मिठागरेही वगळली आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने या वगळण्याचा अर्थ काय होतो पाहा. या पठारावर नैसर्गिक सरोवरे फार थोडी. आमचे पाणपक्षी हिवाळा काढतात तो धरणांच्या फुगवट्यांवर, पाझर तलावांवर आणि विदर्भात माजी मालगुजारी तलावांवर. म्हणजे दस्तऐवजात ते पाणी शेताचे, पिण्याचे, मासेमारीच्या ठेक्याचे; तिथे उतरणाऱ्या पक्ष्याचा त्यावर कोणत्याही कागदाने हक्क नाही. उद्या त्या काठावर भराव पडला, गाळपेरा वाढला किंवा पाण्यावर आणखी काही उभारायचे ठरले, तर पक्ष्यांच्या बाजूने हजर करता येईल असा एकच कागद उरतो, आणि तो म्हणजे दर जानेवारीला भरलेला तक्ता. अशा नोंदीचे वजन पडू शकते हे गोंदिया-भंडाऱ्याकडील सारसांच्या बाबतीत दिसले आहे. तिथे स्थानिक संस्था आणि शेतकरी मिळून उन्हाळ्यात सारसांची गणना वर्षानुवर्षे करीत आले, घटते आकडे लोकांपुढे आले, आणि काही वर्षांपूर्वी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन सरकारी यंत्रणेला जाब विचारला. जे सारसाला लाभले ते चक्रांगाला आणि वारकऱ्याला का लाभू नये? प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत पाणथळ जागांच्या कागदांबरोबर त्या जिल्ह्याच्या पक्षिगणनेची फाईल असावी, आणि जलाशयाच्या काठच्या कोणत्याही परवान्यापूर्वी ती उघडणे बंधनकारक असावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

मागणी करणाऱ्याने मात्र आपले दफ्तर स्वच्छ ठेवले पाहिजे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून जास्तीत जास्त पाखरे मारण्याची चढाओढ लावण्याची प्रथा होती. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली सुचवले की त्या दिवशी मारण्याऐवजी मोजावे, आणि २५ डिसेंबरला २५ ठिकाणी २७ माणसांनी मोजले. त्या नाताळ-गणनेचे दफ्तर आज सव्वाशे वर्षांचे झाले आहे. १९७० नंतर उत्तर अमेरिकेत सुमारे तीन अब्ज पक्षी घटले हा जो निष्कर्ष २०१९ साली निघाला, त्यामागे इतर पाहण्यांबरोबर या दफ्तराचाही आधार होता. बंदूक गेली हे थोर झाले. चढाओढीची वृत्ती मात्र मोजणीतही शिरू शकते, आणि आमच्याकडे ती शिरू लागली आहे. कोणत्या गटाला सर्वाधिक जाती मिळाल्या, कोणाला दुर्मीळ पाहुणा दिसला, कोणाचे छायाचित्र सरस आले, यांत सकाळ सरते आणि समोरच्या चारशे वारकऱ्यांपुढे ‘पुष्कळ’ असे लिहून गट पुढच्या ठिकाणी निघतो. दुर्मीळ पक्ष्याला साक्षीदारांची वाण कधीच पडत नाही. सामान्य पक्ष्यालाच ती पडते, आणि गिधाडाने आपल्याला जो धडा दिला तो सामान्य पक्ष्याविषयीचाच होता.

आणखी एका बाबतीत ही गणना अपुरी आहे, आणि तिकडे चालकांनी लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. तक्त्याच्या शिरोभागी निरीक्षकांची नावे लिहिण्याची जागा असते. तिथे पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून आलेल्यांची नावे असतात. ज्याच्या नावेतून ही मंडळी उजनीच्या पाण्यावर फिरतात त्या मच्छीमाराचे नाव बहुधा नसते. वास्तविक तो वर्षाचे सगळे दिवस त्या पाण्यावर असतो. रोहित कोणत्या पंधरवड्यात आले, कोणत्या बेटावर सुरय पक्ष्यांनी अंडी घातली, कोठे कोणी रात्री जाळे लावले, हे त्याला ठाऊक असते, आणि पाणी उतरले की थवा कुठे सरकेल हे तो नाव वल्हवताना सहज सांगून जातो. त्याला जाती ओळखायला शिकवण्याची गरज थोडी आहे. तक्ता त्याच्या भाषेत छापण्याची आणि त्याच्या हाती देण्याची आहे. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाने मराठी नावांचे भांडार खुले केले त्याला बराच काळ लोटला, तेव्हा नावांची अडचण सांगता येणार नाही. शहरातला गणक नोकरी बदलली की येईनासा होतो, संस्था फुटतात, उत्साह ओसरतो. पाण्यावरच पोट असलेला माणूस तिथेच राहतो. येत्या जानेवारीत कुंभारगावच्या धक्क्यावरून नावा सुटतील, तेव्हा प्रत्येक नावेतील तक्त्यावर पहिले नाव ती नाव वल्हवणाऱ्याचे लिहिले जावे, आणि पुढल्या वर्षी शहरातून कोणी आले नाही तरी तो तक्ता त्याच्या सहीने, पाण्याच्या पातळीच्या नोंदीसह, वेळेवर रवाना व्हावा.